बलक वेगळा काढणाऱ्या बाई

बाई अंडं फोडत असताना कोणी बोलायचं नाही, असा आमच्या प्रयोगशाळेत नियम होता. तो कुठे लिहिलेला नव्हता. बाईंनी डाव्या हाताचं बोट वर केलं की लागू व्हायचा. एकदा आमचे डच संचालक काहीतरी विचारायला दारात आले आणि बोट वर गेलं. सहा फूट चार इंचांचा तो माणूस बारा अंडी फुटेपर्यंत दारात उभा राहिला. शेवटचं टरफल खाली ठेवून बाईंनी विचारलं, "येस?" तोवर ते काय विचारायला आले होते, हे तेच विसरले होते.

ही प्रयोगशाळा आइंडहोवन या डच शहराच्या बाहेर एका औद्योगिक वसाहतीत होती. त्या भागात कोंबड्यांच्या शेड पुष्कळ. शेतकरी आणि अंड्यांचे व्यापारी आमच्याकडे अंडी पाठवायचे. कोंबड्यांना दिलेली औषधं, प्रतिजैविकं, कीडनाशकं यांचे अंश अंड्यांत उतरले आहेत का, हे आम्ही तपासायचो. मी त्या विभागाचा प्रमुख होतो आणि बाई माझ्या हाताखाली नमुने तयार करायच्या. आता मी सत्त्याहत्तर वर्षांचा आहे, लायडस्खेनडाम-फोरबर्गला मुलाच्या घराजवळ राहतो. बाईंबद्दल मी एकदा एक वाक्य लिहिलं होतं. ते खोटं होतं. बाईंविषयी काही लिहायचं तर ते आधी सांगायला हवं, म्हणून सांगून टाकलं.

बाई मूळच्या संगमेश्वरकडच्या. रत्नागिरीत कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवायच्या, म्हणून 'बाई'. नवऱ्याला इथे चिप बनवणाऱ्या यंत्रांच्या कंपनीत नोकरी लागली आणि त्या त्याच्यामागून आल्या. पहिली सहा वर्षं घरी बसून त्यांनी डच शिकून घेतलं, आणि ते अशा व्याकरणशुद्ध पद्धतीने बोलायच्या की आमच्याकडचे डच लोक त्यांच्यासमोर स्वतःची वाक्यं सुधारून घ्यायचे.

त्यांचं पहिलं वेड म्हणजे शिक्का. इथल्या प्रत्येक अंड्यावर शिक्का असतो. पहिला आकडा कोंबडी कशी पाळली ते सांगतो, मग देश, मग शेताचा क्रमांक आणि शेवटचे दोन आकडे शेडचे. लोक तारीख बघतात आणि खोकं पिशवीत टाकतात. बाई सुपरमार्केटात उभ्या राहून एकेक अंडं चष्म्याजवळ नेऊन वाचायच्या. मागे रांग लागायची. "सर, हे बघा, एकाच खोक्यात दोन शेडची अंडी," असं त्या मला एखादी लग्न मोडल्याची बातमी सांगावी तसं सांगायच्या. टरफलांचे शिक्के असलेले तुकडे त्यांच्या टेबलाच्या खणात शेतांप्रमाणे लावलेले असायचे.

मराठी मंडळात त्यांना 'इन्स्पेक्टर' म्हणत. एका दिवाळीला कोणीतरी घरी केलेला केक आणला होता. बाईंनी ताटली हातात घेतली आणि विचारलं, "अंडी कुठली?"

"दुकानातली हो. का?"

"टरफलं टाकलीत की आहेत अजून?"

आमच्या मंडळाचे खजिनदार शेजारीच होते. ते म्हणाले, "बाई, तुमच्यापेक्षा आमच्या सासूबाईंचं सोवळं परवडलं. त्या निदान केराच्या डब्यात हात घालायला सांगत नव्हत्या."

"सोवळ्याला आकडा नसतो," बाई म्हणाल्या. "आकडा दाखवा, मी गप्प बसते." आणि मग केकचे दोन तुकडे खाल्ले. कारण भूक लागली होती, असं म्हणाल्या.

त्यांचं दुसरं वेड एका शब्दाचं. आमच्या अहवालात 'आढळले नाही' असा शेरा असायचा. नवीन माणूस तो तोंडी सांगताना "काही नाही" म्हणाला की बाई त्याला थांबवायच्या. "'नाही' म्हणू नये. 'दिसलं नाही' म्हणावं. कोणाला दिसलं नाही? कशाने बघितलं? किती बारीक बघितलं?" हे त्या पोस्टमनलाही करायच्या. तो म्हणाला, आज पत्र नाही, की, "म्हणजे तुमच्या पिशवीत नाही."

घरामागच्या बागेत त्यांनी चार कोंबड्या पाळल्या होत्या. त्यांची नावं थोरल्या वन्सं, मधल्या वन्सं, धाकट्या वन्सं आणि आत्याबाई. "मधल्या वन्सं रुसल्यात, तीन दिवस अंडं नाही," असं त्या डबा उघडता उघडता गंभीरपणे सांगायच्या. नणंदांना हे ठाऊक होतं का, असं मी एकदा विचारलं. "त्यांना फोटो पाठवलाय," बाई म्हणाल्या. "थोरल्या वन्संना आवडला. त्यांची कोंबडी सगळ्यांत गुबगुबीत आहे."

साडेबाराला डच मंडळी ब्रेडवर चीज ठेवून पाच मिनिटांत मोकळी व्हायची. आम्ही दोघं खिडकीपाशी बसून डबा खायचो आणि मराठीत बोलायचो. अशाच एका दुपारी कोंबड्यांच्या पिसवांचा विषय निघाला. ही एक तांबडी, बारीक कीड. रात्री फटीतून निघते आणि कोंबडीचं रक्त पिते. इथले शेतकरी तिच्यामुळे रडकुंडीला येतात. मी विचारलं, तुम्ही काय करता?

"राख," बाई म्हणाल्या. "आई करायची तेच. आमच्या स्टोव्हमधली. बर्चचं लाकूड, रंग लावलेलं नाही, खिळे नाहीत. चाळून पाटीत ओतते. वन्सं लोळतात, पिसवा गुदमरतात." दुसऱ्या दिवशी त्यांनी मला एका बरणीत ती राख आणून दाखवली. मी चिमटीत घेऊन बघितली. मऊ होती, पिठासारखी. हे मुद्दाम लिहितो आहे. मी ती राख हातात घेतली होती.

आता कामाची गोष्ट. तपासण्याची पद्धत माझी होती. शेतकरी तीस अंड्यांचा ट्रे पाठवायचा. त्यातली बारा घ्यायची, पांढरं आणि बलक सगळं एकत्र फेटायचं, आणि त्या मिश्रणातलं थोडं यंत्रात घालायचं. सोपी पद्धत, रीतसर मान्यता मिळालेली. बाईंना ती मान्य नव्हती. चरबीत विरघळणारं रसायन बलकात जाऊन बसतं, पांढऱ्यात जवळजवळ उतरत नाही. आणि चार शेडपैकी एकाच शेडमध्ये गडबड असेल, तर बारा अंड्यांच्या मिश्रणात ती विरून जाते.

"सर, अकरा जणांनी आंघोळ केली म्हणून बारावा स्वच्छ होतो का?"

"बाई, कायद्याची मर्यादा पूर्ण अंड्याला आहे. लोक पूर्ण अंडं खातात."

"लोक एक अंडं खातात, सर. बारा अंड्यांची सरासरी कोण खातं?"

मी हसलो. वरिष्ठाने हसून विषय बदलला की तो संपतो. बाईंचा मात्र संपला नाही. दिवसाचं काम उरकल्यावर त्या ट्रेमधली उरलेली अंडी शिक्क्यांप्रमाणे वेगळी करायच्या, पांढरं वेगळं, बलक वेगळा. बलक तळहातावर घेऊन पांढरं बोटांच्या फटींतून गाळायची त्यांची रीत होती. हातमोजे घातलेल्या त्या हातावर बलक असा बसायचा की वाटावं, तो स्वतःहून थांबलाय. मग बरण्यांना चिठ्ठ्या लावून फ्रीझरमध्ये. कशासाठी, असं मी विचारलं तर म्हणायच्या, "ज्या दिवशी तुम्हाला बघावंसं वाटेल, त्या दिवसासाठी."

एका मंगळवारी त्या माझ्या टेबलाशी आल्या. आमच्या सगळ्यांत मोठ्या ग्राहकाची अंडी होती.

"सर, तीन नंबरची शेड."

"मिश्रणात काय आलं?"

"मर्यादेच्या जेमतेम खाली, म्हणजे अहवालात 'आढळले नाही'. ते सोडा. हे तिसऱ्या शेडचे बलक बघा. त्यावरून पूर्ण अंड्याचा आकडाही काढलाय."

मी बघितलं. कोंबड्या असतील तिथे वापरायला बंदी असलेलं एक कीडनाशक. आलेखावर त्याचं टोक देवळाच्या कळसासारखं उभं होतं. पूर्ण अंड्याचा हिशेब केला तरी मर्यादेच्या बराच वर.

त्या वेळी माझ्या मनात काय आलं ते लिहायला मला बारा-तेरा वर्षं लागली. ती अंडी कोणीतरी खात असेल, हे मनात आलं नाही. मनात आलं ते हे की बाईंचं खरं असेल तर माझ्या पद्धतीने दिलेले कित्येक वर्षांचे 'आढळले नाही' संशयात येतात. प्रयोगशाळेची मान्यता तपासणारे लोक नऊ दिवसांनी येणार होते. मला निवृत्तीला दीड वर्ष होतं. संचालकांना मी सांगितलं, तेव्हा त्यांनी साधा प्रश्न केला, "हे आपल्याकडूनच तर आलं नाही ना?" कुणीही विचारला असता असा प्रश्न. मी 'नाही' म्हणायला हवं होतं. मी म्हणालो, "बघतो."

आणि संध्याकाळी मी फॉर्म भरला. कामात काही चुकलं की त्याची नोंद करायचा तो फॉर्म. त्यात डचमध्ये लिहिलं: 'संबंधित कर्मचारी घरी कोंबड्या पाळतात आणि त्यांच्यावर कीडनाशक पावडर वापरतात. नमुन्यातील अंश त्यांच्या हातांतून अथवा कपड्यांतून आला असावा.' बाईंनी डबा खाताना मराठीत, विश्वासाने सांगितलेली गोष्ट मी उचलली, त्यातली राख काढली आणि विष घातलं.

दुसऱ्या दिवशी बाई त्या फॉर्मची प्रत घेऊन माझ्यासमोर उभ्या राहिल्या.

"सर, ही पावडर कुठली?"

"तुम्हीच म्हणाला होतात, कोंबड्यांवर काहीतरी टाकता."

"राख म्हणाले होते. तुम्ही हातात घेतली होतीत."

"बाई, हे नुसतं कागदावर आहे. तपासणी होऊन जाऊ दे, मग बघू."

त्यांनी माझ्याकडे वर्गातल्या ढ पण आवडत्या विद्यार्थ्याकडे बघावं तसं बघितलं. "सर, आपल्या कामात कागदाशिवाय दुसरं असतं काय?"

ग्राहकाला 'आढळले नाही' असा अहवाल गेला. तपासणी सुरळीत पार पडली. बाईंना नमुन्यांपासून काढून काचेची भांडी धुवायला लावलं. तिथे त्यांनी भांडी इतकी स्वच्छ धुतली की यंत्रावरच्या लोकांनी चिठ्ठी लिहून आभार मानले. एका शनिवारी प्रयोगशाळेत कोणी नसताना मी फ्रीझरमधून तिसऱ्या शेडच्या बलकांची बरणी काढली. नवे हातमोजे, नवा कोट, नवी भांडी. बाईंच्या त्याच हातांनी वेगळे केलेले बाकीच्या शेडचे बलकही तपासले; त्यांत काही दिसलं नाही. तिसऱ्या शेडचं टोक तिथेच आलं. तेवढंच उंच. मी तो कागद छापून घरी नेला, मोठ्या शब्दकोशात ठेवला आणि सोमवारी कोणालाही काही बोललो नाही.

तीन महिन्यांनी बाई नोकरी सोडून गेल्या. नंतर दुसऱ्या एका प्रयोगशाळेतून त्यांच्याबद्दल विचारणारा फोन आला. मी म्हणालो, "फाइलमध्ये जे आहे ते आहे." यात एकही शब्द खोटा नव्हता. असं बोलायला मी तोवर शिकलो होतो. त्यांना या क्षेत्रात पुन्हा काम मिळालं नाही. त्या घरी मुलांना रसायनशास्त्र शिकवू लागल्या. तिसऱ्या शेडची अंडी कोणी खाल्ली, किती दिवस खाल्ली, मला माहीत नाही. ते शोधायची संधी होती, ती मी घालवली.

गेल्या जूनमध्ये मंडळाच्या त्याच जुन्या खजिनदारांचा फोन आला. गणपतीचं निमंत्रण होतं. मग हसत म्हणाले, "अहो, तुमच्या इन्स्पेक्टर बाई पुन्हा पेटल्यात. आता गावातल्या घरोघरच्या कोंबड्यांच्या मागे लागल्यात."

"काय झालं?"

"मातीत म्हणे कसलीशी रसायनं आहेत. कारखान्यांची, कधी नष्ट न होणारी. माती, मग गांडूळ, मग कोंबडी, मग अंडं. बाईंनी स्वतःच्या कोंबड्यांची अंडी तपासून घेतली, त्यात निघाली. आता नगरपालिकेकडे मागणी केलीये, आजूबाजूच्या सगळ्या घरांची अंडी तपासा, शाळेच्या बागेतल्या कोंबड्यांचीही. गावात निम्मे लोक चिडलेत. पण होणार काही नाही त्याचं."

"का?"

"पहिल्याच सभेत एक जण उठून म्हणाला, या बाईंना लॅबमधून नमुने खराब केले म्हणून हटवलं होतं. त्याचा मेव्हणा होता म्हणे तुमच्याकडे. मग कोणी ऐकून घेईना. खरंच होतं ना ते?"

"नाही," मी म्हणालो. संचालकांना तेव्हा न म्हटलेला तो शब्द अगदी सहज बाहेर आला. "खोटं होतं. मी लिहिलं होतं."

"अहो, आता या वयात कशाला..."

"पुढची सभा कधी आहे तेवढं सांगा."

सभा गुरुवारी होती. मी बुधवारी रात्रीच्या जेवणाआधी दोन पानी पत्र टाइप केलं, शब्दकोशातला कागद काढला, आणि गुरुवारी दुपारी आइंडहोवनची ट्रेन आणि पुढे बस घेऊन बाईंच्या दारात उभा राहिलो. फोन केला नव्हता. केला असता तर त्या 'येऊ नका' म्हणाल्या असत्या, आणि मला परत फिरायला कारण मिळालं असतं.

दार त्यांच्या मुलीने उघडलं. ती आता एनस्खेडेच्या विद्यापीठात शिकते, तेव्हा घरी आली होती. लहानपणी मंडळात मी तिला चॉकलेटं दिली होती. मी मराठीत नाव सांगितलं. तिला मराठी सगळं कळतं, बोलते इंग्रजीत. तिने मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाली, "ओ. द पावडर मॅन." आणि आत वळून डचमध्ये आईला हाक मारली.

बाई आल्या. केस पांढरे झाले होते, चष्मा जाड झाला होता. "या सर," म्हणाल्या. पाणी दिलं. मी पत्र पुढे केलं. त्यांनी टेबलावरचं लाल पेन उचललं आणि उभ्यानेच वाचायला सुरुवात केली.

"'परिस्थितीवश'," त्या थांबल्या. "ही कुठली परिस्थिती? तापमान? आर्द्रता?"

त्यांनी तो शब्द खोडला.

"'अत्यंत खेदाने', 'मनावर दीर्घकाळ ओझे'. सर, यात विशेषणं फार आहेत. सभेत तुम्हाला तीन मिनिटं मिळतील. लोकांना काय कळायला हवं? तुमचं ओझं?" दुसरं पान त्यांनी वाचलंच नाही. शनिवारचा छापील कागद मात्र खिडकीशी नेऊन बराच वेळ बघितला. "तुम्ही तपासलं होतंत," त्या म्हणाल्या. प्रश्न नव्हता तो. "मी गेल्यावर?"

"तुम्ही असतानाच. तुम्हाला भांडी धुवायला लावलं होतं त्या दिवसांत."

मुलगी स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिने डचमध्ये एक शब्द उच्चारला, तो मी इथे लिहीत नाही. बाईंनी तिला गप्प केलं नाही.

मग त्यांनी कपाटातून एक फाइल काढली आणि जुन्या फॉर्मची प्रत माझ्यासमोर ठेवली. माझं वाक्य, माझी सही. "पत्र नको," त्या म्हणाल्या. "इथेच दुरुस्ती करा. रीत माहितीये ना?"

प्रयोगशाळेत चूक खोडायची रीत ठरलेली असते. रबर नाही, पांढरा रंग नाही. चुकीच्या शब्दांवर एकच आडवी रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे. शेजारी बरोबर ते लिहायचं. सही, आजची तारीख. आणि शेवटी, दुरुस्ती का केली त्याचं कारण.

मी 'कीडनाशक पावडर' यावर रेघ मारली. वर डचमध्ये 'लाकडाची राख' लिहिलं. पुढचं वाक्य सगळंच आडव्या रेघेखाली घातलं आणि लिहिलं, 'अंश अंड्यातच होता. फेरतपासणीत सिद्ध.' सही केली. अक्षर वाचता येत होतं.

"कारण," बाई म्हणाल्या.

कारणाची चौकट बोटभर रुंदीची असते. मी पेन धरून बसलो. मान्यता, ग्राहक, निवृत्ती, हे सगळं त्यात बसणार नव्हतं.

"जागा कमी आहे ते बरंय, सर. लिहा."

मी लिहिलं, 'मला माहीत होते.'

त्यांनी वाचलं, शाई वाळू दिली, आणि कागद प्लास्टिकच्या पाकिटात घातला. क्षमा केली असं त्या म्हणाल्या नाहीत. मी वाट बघत होतो, हे कबूल करतो. त्या म्हणाल्या, "बस दहा मिनिटांनी आहे. चपला घाला."

नगरपालिकेच्या सभागृहात जून असल्याने संध्याकाळी साडेसातलाही लख्ख ऊन येत होतं. पंचवीस-तीस माणसं होती, काहींनी आमच्याकडे बघून एकमेकांना कोपर मारलं. पहिल्या सभेत उठून बोललेला माणूस बाईंनी मला दाखवला; तो बायकोसोबत मागच्या रांगेत बसला होता. माझं नाव पुकारल्यावर मी उठलो, मी कोण ते सांगितलं, आणि त्या फॉर्मवरचं जुनं वाक्य, नवं वाक्य आणि कारण, तिन्ही वाचून दाखवलं. अध्यक्षांनी विचारलं, हे पुन्हा एकदा वाचाल का? मी पुन्हा वाचलं, जरा मोठ्याने. दीड मिनिट गेलं होतं. उरलेला वेळ मी बाईंना देतो, असं म्हणून खाली बसलो.

बाई उठल्या. स्वतःविषयी एक अक्षरही बोलल्या नाहीत. त्यांनी आपल्या कोंबड्यांच्या बलकाचा आकडा सांगितला, शाळेच्या बागेचं अंतर पावलांत सांगितलं, आणि कोणाकोणाच्या घरी कोंबड्या आहेत, हात वर करा, असं विचारलं. आधी कोणी हललं नाही. मग मागच्या रांगेत, मागच्या सभेत उठून बोललेल्या त्या माणसाच्या बायकोने हात वर केला.